झांझिबारची बकरी खराडीत

मित्रांनो, जरा जपून बसा हं, मला दात आहेत! घाबरू नका, नारळ सोडून मी कुणाला चावत नाही. आमच्या घरमालकीण नसीमबानूचा अंगठा एवढा एकच अपवाद.

मी एक जुनी नारळखवणी आहे. तुमच्या घरातल्या विळीची लांबची बहीण म्हणा हवं तर. विळी जमिनीला चिकटून बसते, मी मात्र चांगली उभी राहते. माझ्या दोन फळ्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत. उघडल्या की फुलीसारख्या उभ्या राहतात आणि वर बसायला छोटंसं आसन तयार होतं. मिटल्या की मी पुस्तकासारखी चपटी! पुढं मान, आणि मानेच्या टोकाला लोखंडी, दातेरी जीभ. माझ्यावर बसायचं, नारळाची वाटी दोन्ही हातांत धरायची आणि जिभेवर गोल गोल फिरवायची. खाली परातीत पांढराशुभ्र कीस पडत राहतो. माझ्या गावी मला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. माझं गाव समुद्रापलीकडं, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आहे. झांझिबार बेट!

मला घडवलं तिथल्या एका सुतारानं. अंग फणसाच्या लाकडाचं आणि जीभ भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या पोलादी पट्टीची. म्हणजे माझ्याकडं येण्याआधीच माझी जीभ पुष्कळ फिरून आलेली! झुहूराच्या लग्नात तिच्या मावशीनं मला आहेर म्हणून दिलं. झुहूरा माझ्यावर बसून नारळ खवायची, गाणी म्हणायची. पुढं तिला मुलगी झाली, सुबिरा. तीही रांगत रांगत यायची आणि माझी मान धरून उभी राहायची. ती पहिलं पाऊल टाकायला शिकली ती मला धरूनच, हे मी सगळ्यांना सांगते. तुम्हालाही सांगितलं.

मग झुहूराला पुण्याजवळ नोकरी लागली. खराडीच्या एका काचेच्या मोठ्या इमारतीत. तिचं काम ऐकलंत तर हसाल. आफ्रिकेत कुणाचा मोबाइल बिघडला, रिचार्ज अडकला, की तो माणूस वैतागून नंबर फिरवायचा आणि तो फोन इकडं खराडीत वाजायचा. झुहूरा गोड आवाजात स्वाहिली भाषेत त्याची समजूत घालायची. त्या माणसाला वाटायचं, ही बाई शेजारच्या गल्लीतूनच बोलतेय.

नवऱ्याची नोकरी तिकडं बोटीवर, तो येऊ शकत नव्हता. झुहूरा आणि सुबिरा दोघीच निघाल्या. बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा झुहूरानं बूट काढले, उशी काढली, चांगली जाडजूड चादर काढली. मला काढलं नाही! तेव्हाच मी मनाशी म्हटलं, या बाईसाठी आपण शेवटचा दात झिजेपर्यंत राबायचं.

इकडं विमानतळावर एका साहेबांनी बॅग उघडायला लावली आणि विचारलं, "हे काय?"

"माय गोट," झुहूरा म्हणाली.

साहेब दोन पावलं मागं सरकले. मग वाकून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "मेलेलं दिसतंय. जाऊ द्या."

घर मिळणं सोपं नव्हतं. उंच इमारतींमधले मालक झुहूराला बघायचे आणि दारातूनच सांगायचे की फ्लॅट गेला. फ्लॅट कुठं गेला देव जाणे, 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तर पुढं महिनाभर तिथंच लटकत होती. शेवटी जुन्या खराडी गावात नसीमबानूनं आपल्या घरामागच्या दोन खोल्या दिल्या. नसीमबानू म्हणजे बोलायला तिखट आणि करायला मऊ. तिनं झुहूराला एकच प्रश्न विचारला, "कोंबड्यांचा आवाज चालेल का? माझ्या कोंबड्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

झुहूराला त्यातलं फक्त 'कोंबड्या' कळलं, कारण समोरच एक उभी होती. तिनं जोरात मान हलवली. झालं, आम्ही खराडीकर!

मित्रांनो, परदेशात एकटीनं आई होणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. सकाळी झुहूरा सुबिराच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालायची. एका हातानं वेणी, दुसऱ्या हातात सुबिराचं मराठीचं पुस्तक! मुलीनं धडा वाचायचा आणि आईनं तिच्या मागून म्हणायचं. 'ळ' आला की दोघी अडायच्या. सुबिराची जीभ महिन्याभरात वळली. झुहूराची काही केल्या वळेना. ती 'बाळ'ला 'बाल' म्हणायची आणि स्वतःच हसायची. दुपारी कंपनीची गाडी यायची, ती रात्री जेवायच्या वेळेला सोडायची. तोवर सुबिरा नसीमबानूकडं. शुक्रवारी तिकडून बाबांचा फोन यायचा, तेव्हा दोघी माझ्यावर अर्ध्या अर्ध्या बसून एकाच फोनला कान लावायच्या. मी कुरकुरायचे, पण मोडले नाही.

आणि नारळ तर रोजचाच. आमच्याकडं भात नारळाच्या दुधात शिजतो, मासे नारळाच्या दुधात, वालसुद्धा नारळाच्या दुधात. खवायचं, कोमट पाणी घालून चुरायचं, फडक्यातून घट्ट पिळायचं. दूध पातेल्यात आणि उरलेला चोथा अंगणात! नसीमबानूच्या कोंबड्या इतक्या गुटगुटीत झाल्या की गल्लीतले लोक तिला विचारायला लागले, "खाला, यांना खायला काय घालता?"

"झांझिबार," नसीमबानू सांगायची.

सुबिराला शाळेत घातलं ते घराजवळच्या मराठी शाळेत. झुहूरा म्हणाली, जिथं भाजी घ्यायची तिथल्याच भाषेत लेकीनं शिकावं. म्हणजे निदान एकीला तरी भाव कळेल! आणि खरंच, वर्ष-दीड वर्षात सुबिरा सगळ्या घराची दुभाषी झाली. गॅसवाला आला, दुभाषी. डॉक्टरांकडं गेलो, दुभाषी. पण शाळेत मात्र तिचं तोंड बंद. पहिल्याच आठवड्यात तिनं फाटकापाशी आईला 'मामा!' अशी हाक मारली होती. आमच्या भाषेत आईला मामा म्हणतात हो! सगळा वर्ग हसून हसून आडवा. "हिचा मामा ओढणी घेतो!" तेव्हापासून सुबिरा आईला कोपऱ्यावरच थांबवायची आणि पुढं एकटी जायची. डबाही एकटीच खायची.

एकदा पालकसभा होती. झुहूरानं अर्धी रजा काढली. बाईंसमोर बसून ती स्वाहिलीत लेकीला म्हणाली, "विचार त्यांना, माझी मुलगी इथं खूश आहे का? डबा कुणाबरोबर खाते?"

सुबिरानं बाईंना मराठीत सांगितलं, "आई विचारते, गृहपाठ रोज असतो का?"

"हो, रोज असतो," बाई म्हणाल्या.

सुबिरानं आईला सांगितलं, "बाई म्हणतात, खूप मैत्रिणी आहेत."

झुहूरा इतकी खूश झाली की तिनं बाईंचा हात हातात घेऊन दाबला. बाईंना कळेना, गृहपाठाचा एवढा आनंद कुणाला होतो! हे सगळं सुबिरानं त्या संध्याकाळी माझ्यावर बसून नसीमबानूला सांगितलं आणि मग रडली. नसीमबानूनं शेवेचा डबा काढला. तिनं सुबिराच्या हातात मूठभर शेव ठेवली.

आता ऐका खरी गोष्ट. शाळेत आनंदमेळा ठरला. मुलांनी आणि आयांनी गट करून खायच्या पदार्थांची दुकानं मांडायची. सुबिराच्या वर्गातल्या उल्कानं ओल्या नारळाच्या वड्यांचा गट केला. उल्काची आई मंदाकिनीताई म्हणजे सगळ्या आयांच्या पुढारी. कपाळाला आठी, हातात पिशवी, आणि बोलणं असं की समोरच्याला दोन मिनिटांनी कळावं, आपल्याला टोमणा बसला. शाळा सुटल्यावर मुली आणि पुष्कळ आया जमल्या. झुहूरा तेव्हा कामावर. साखर कोण आणणार? मी! वेलदोडे? मी! ताटं? मी! आणि वीस नारळ कोण खवणार? सगळ्या छताकडं बघायला लागल्या.

सुबिराचा हात वर गेला. कसा गेला तिलाच कळलं नाही. "आम्ही खवू. आमच्याकडं बकरी आहे!"

"बकरी नारळ खाते गं, खवत नाही," उल्का म्हणाली. पण ती हसली ती चिडवून नाही, आणि सुबिरालाही हसू आलं. गटात नाव लागलं!

उड्या मारत ती घरी आली. "मामा, मराठी लोकांनी आपल्याला काम दिलंय! वीस नारळ करून द्यायचेत!"

झुहूरानं मला उचलून चक्क मिठी मारली. या शहरानं तिच्याकडून भाडं मागितलं होतं, पासपोर्ट मागितला होता, फोटो मागितले होते. मदत पहिल्यांदाच मागितली होती.

मेळ्याच्या दिवशी, शनिवारी, ती पहाटे उठली. नमाज झाला आणि आम्ही कामाला लागलो. काय सांगू मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी कामगिरी! खर्र खर्र खर्र. झुहूराचे खांदे भरून आले, माझी जीभ तापली, पण एकाही वाटीची काळी पाठ किसात येऊ दिली नाही. सुबिरा झोपाळू डोळ्यांनी नारळ फोडून देत होती. मग झुहूरानं नेहमीसारखं कोमट पाणी घातलं, चुरलं, फडक्यातून पिळलं. दाट, सायीसारखं दूध! मोठं पातेलं काठोकाठ भरलं. आणि चोथा? चोथा अंगणात. नसीमबानूच्या कोंबड्यांनी त्या सकाळी ईद साजरी केली.

आम्ही रिक्षानं शाळेत गेलो. मीही गेले, कारण सुबिराला मैत्रिणींना बकरी दाखवायची होती. आणि कोपऱ्यावर थांबायची गोष्टच नव्हती. पातेलं जड होतं, दोघींनी मिळून ते आतल्या स्वयंपाकघरात नेलं. शेगड्या पेटलेल्या, साखर मोजलेली, ताटांना तूप लावून ठेवलेलं. मंदाकिनीताईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं.

त्या आत बघत राहिल्या. मग त्यांनी पातेल्याच्या मागंही बघितलं.

"खोबरं कुठंय?"

"हा नारल," झुहूरा अभिमानानं म्हणाली. "वीस."

"अहो, हे दूध आहे. खोबरं हो, खोबरं! कीस! वड्या कशाच्या थापू मी?"

झुहूराला 'कीस' कळलं. तिचा चेहरा उतरला. तिनं खूप शब्द शोधले आणि तिला तीनच सापडले. "कोंबडी खाल्ली सगला."

मंदाकिनीताईंनी पदर खोचला. "वा! कोंबड्यांचा आनंदमेळा झाला म्हणायचा. आता आपला कसा करायचा, तेही त्यांनाच विचारून या."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. उल्का सुबिराकडं वळली. "सुबी, तू सांगितलं नव्हतंस का आईला, कीस आणायचा म्हणून?"

मित्रांनो, मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझे सगळे दात शिवशिवत होते. सुटायला एवढीशी फट होती. 'सांगितलं होतं, तिला कळलं नाही' एवढं म्हटलं की सुबिरा गटात आणि चूक आईची. खरं तर दोघींनाही वाटलंच नव्हतं की नारळातून दुधाशिवाय आणखी काही हवं असतं. आमच्या बेटावर कुणालाच वाटत नाही!

झुहूरा लेकीच्या कानाशी वाकली आणि स्वाहिलीत म्हणाली, "सांग त्यांना, चूक माझी आहे. तुझी नाही. म्हणावं, आईला काही समजत नाही."

सगळ्या बायका सुबिराकडं बघत होत्या. दुभाषी काय सांगते म्हणून.

सुबिरानं एकदा आईच्या लाल झालेल्या तळव्यांकडं पाहिलं. मग तिनं घसा खाकरला आणि अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई म्हणते, आमच्याकडं नारळाचं दूध काढतात. ते काढायला जास्त कष्ट पडतात. आई म्हणते, एक आप्पेपात्र द्या, तांदळाचं पीठ द्या आणि अर्धा तास द्या. वड्या सगळ्यांना येतात."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, पण माझ्या लाकडाला पालवी फुटायची तेवढी राहिली हो!

मंदाकिनीताईंची आठी वर गेली. "असं म्हणते तुझी आई?"

"हो. असंच म्हणते."

झुहूरा कुजबुजली, "काय सांगितलंस गं?"

"तू आता विटुंबुआ करणार आहेस," सुबिरा म्हणाली.

झुहूरानं डोळे मोठ्ठे केले. आणि मग, मित्रांनो, ती हसली. ओढणीचं टोक मागं टाकलं आणि बाह्या वर केल्या.

विटुंबुआ म्हणजे काय विचारता? तांदूळ, नारळाचं दूध, साखर, वेलदोडा. आप्पेपात्रात दोन्ही बाजूंनी भाजलेले गोल गोल गोड घास. आमच्याकडं पीठ रात्रभर फुगवतात. इथं रात्र कुठून आणायची? शेजारच्या ढोकळ्याच्या गटाकडं सोडा होता, तो मागून घेतला. साखर-वेलदोडे तर वड्यांसाठी मांडलेलेच होते. उल्काचं घर शाळेच्या समोर, ती धावत जाऊन आप्पेपात्र आणि पिठाचा डबा घेऊन आली.

पहिला घाणा चिकटला. सगळाच्या सगळा! आप्पेपात्र खरवडून काढावं लागलं. मंदाकिनीताई म्हणाल्या, "कोंबड्यांना पाठवा."

दुसऱ्या घाण्याला झुहूरानं आच कमी केली, तूप वाढवलं आणि तोंडानं काहीतरी पुटपुटली. सुबिरा शेजारी सुई घेऊन उभी. टोचायचं, गिरकी द्यायची, उलटवायचं. एक उलटला, सोनेरी! दुसरा उलटला! तिसरा टुणकन उडून उल्काच्या ओंजळीत पडला आणि "हा हू हा" करत तिनं तो खाल्लासुद्धा. "आई गं! आई, तू खाऊन बघ."

मंदाकिनीताईंनी एक घेतला. फुंकर मारली. चावला. सगळ्या त्यांच्या जबड्याकडं बघत होत्या.

"वाईट नाहीत," त्या म्हणाल्या.

तुम्ही पुण्याचे असाल तर तुम्हाला कळेल, की याहून मोठं बक्षीस या शहरात देतच नाहीत. आणि पुढच्या क्षणाला त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, उलथनं हातात घेतलं आणि झुहूराला म्हणाल्या, "सरका थोडं. तुम्ही घाला, मी उलटवते. अशानं संध्याकाळ होईल."

दुकानाची पाटी बदलली. उल्कानं वड्या खोडून लिहिलं, 'झांझिबारचे गोड आप्पे'. कुणीतरी दोन नारळ आणले आणि मला दुकानाच्या पुढं उघडून मांडलं. झुहूरा माझ्यावर बसून वरून पेरायला कीस पाडायला लागली. बघायला ही गर्दी! मुलं म्हणाली, आम्हाला बसू द्या. रांग लागली. मंदाकिनीताईही एकदा बसल्या. इकडं तिकडं बघून चार हात फिरवले आणि म्हणाल्या, "गुडघे दुमडावे लागत नाहीत. आमच्या लोकांना हे सुचलं कसं नाही?" विळीची लांबची बहीण असूनसुद्धा मला त्या क्षणी विळीची थोडी दया आली. जास्त नाही.

पातेलं रिकामं झालं. दुपारी सगळा गट जमिनीवर गोल बसून जेवला. मधे उल्काचा डबा, सुबिराचा डबा, कुणाची भाजी कुणाच्या ताटात, काही पत्ता नाही.

घरी जाताना रिक्षात झुहूरा म्हणाली, "ते तू काय म्हणालीस, ते मला शिकव. शब्द न् शब्द."

सुबिरा लाजली. "तू तसं म्हणालीच नव्हतीस, मामा."

"म्हणूनच तर शिकव."

मग अख्खा रस्ताभर झुहूरा घोकत होती, "एक आप्पेपात्र द्या, अर्धा तास द्या, वड्या सगल्यांना येतात." रिक्षावाले काका आरशातून बघत म्हणाले, "ताई, मला नाही हो येत."

आता त्याला पुष्कळ वर्षं झाली. सुबिरा दहावीत आहे. झुहूरा कंपनीत नव्या लोकांना शिकवते आणि मराठीत भाजीवालीशी भांडते, ळ सोडून. आता घरात नारळाचं दूध तयार पुड्यातून येतं. कात्रीनं कोपरा कापला की झालं. माझी जीभ बोथट झालीय, एक फळी जरा हलते, आणि मी बरेच महिने माळ्यावर जुन्या पंख्याच्या शेजारी पडून असते. पंखा बोलत नाही. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण रुबाब अजून आहे हं! या खराडीत एवढ्या काचेच्या इमारती आहेत, त्यातल्या एकीवर तरी आई आणि मुलगी एकाच वेळी बसल्या आहेत का?

मित्रांनो, निघण्याआधी दोन गोष्टी मागते. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी लाकूड-लोखंडाचं म्हातारं असेल, तर त्याला वापरून झाल्यावर कोरडं पुसा, दातांना थेंबभर तेल लावा. तेवढ्यावर आम्ही आणखी एक पिढी काढतो. आणि तुमच्या वर्गात कुणाची आई लांबून आलेली असेल, तिचं मराठी अडखळत असेल, तर हसा, माझी काही हरकत नाही, झुहूरासुद्धा हसते. फक्त आधी तिला बसायला द्या. मग बघा ती काय काय करून दाखवते!